अंगाला लागणार नाही

तिला सगळे मोठी म्हणत. घरात दोघी बहिणी, त्यातली ही थोरली, म्हणून मोठी, इतकं साधं. पण लोकांना साधं कुठे पचतं? नाव घेताना ते गालातल्या गालात हसायचे, कारण ती अंगानंही मोठी होती. अरुंद दारातून आडवी होऊन जाणारी, परक्या घरात खुर्ची आधी हातानं दाबून बघणारी आणि मगच बसणारी. पुढे ऑपरेशन झालं, दीड वर्षात ती निम्मी झाली. जुने कपडे तिनं सगळे स्वतःच उसवून आत घेतले. नाव कसं आत घेणार? ते तसंच राहिलं, ढगळ.

धंदा शिवणाचा. तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान: दोन मशिनी, कापायचं भक्कम टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे आरसा. गिऱ्हाइकं बहुतेक जाड बायका. तयार कपड्यांच्या दुकानात ज्यांना 'तुमच्या मापात येत नाही' असं पोरीसोरी तोंडावर सांगतात, त्या सगळ्या शेवटी हिच्याकडे यायच्या. का? तर मोठी माप बोलायची नाही.

तिची रीतच वेगळी होती. टेपवर दर इंचाला तिनं दोऱ्याची एक बारीक गाठ मारून घेतली होती. दहाच्या आकड्यांना गाठींचा झुबका. तिसाला तीन, चाळिसाला चार. बाई समोर उभी राहिली की मोठी तिला मिठी मारल्यासारखी कवेत घ्यायची, टेप पाठीमागे न्यायची, आणि टोकं जुळली की तिथल्या तिथे, पाठीमागेच, बोटांनी गाठी चाचपून आकडा वाचायची. तोंडानं गप्पा चालूच. "लेक काय म्हणते? नळ दुरुस्त झाला का?" बाईला वाटायचं, आत्ता माप घेणार. तोवर घेऊन झालेलं असायचं.

ही अक्कल तिला सुखासुखी आली नव्हती. शाळेत असताना गणवेश शिवायला नेलं, तर त्या शिंप्यानं तिच्या छातीचा आकडा दुकानभर ओरडून सांगितला, आणि लिहिणारा आतून म्हणाला, "पोरीचं आहे की पिंपाचं?" रांगेत वर्गातल्या चार जणी उभ्या होत्या. पुढचं वर्षभर शाळा तिला त्या आकड्यानंच हाक मारत होती. मेल्यांचं काय गेलं? पण त्या दिवसापासून माणसाचं माप हे माणसाच्या पाठीमागेच घ्यायचं, हे तिच्या मनानं घेतलं.

खोलीत आणखी एक जण होती. शिवणाची डमी. बाजारात मिळतात त्या डम्या सगळ्या सडपातळ, जेवायला न घातलेल्या. मोठीनं एक जुनी आणून तिला चिंध्या गुंडाळत गुंडाळत, वरून जाड कापड ओढत, बरोब्बर आपल्या मापाची केली होती. स्वतःचे कपडे ती तिच्यावर बेतायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि जिभेला त्याच्या हाड नव्हतं. तो येता जाता डमीला म्हणायचा, "काय बाईसाहेब, जेवलात का?" आणि मोठी हसायची.

मग गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, मशिनवर बसलं की पोट आणि मशीन यांच्यामध्ये कापड जायला जागा उरेना. सर्जननं समजावलं, पोटाची पिशवी छोटी करतात आणि आतड्याची थोडी वाट गाळून पुढे जोडतात. "म्हणजे आल्टर," मोठी म्हणाली. "शिलाई पक्की घाला बरं का डॉक्टर, मी परत परत यायची नाही." सर्जनही हसला. बिचाऱ्याला काय माहीत, ही बाई दिलेला शब्द पाळते.

घरी सोडायच्या दिवशी आहार सांगणारी बाई आली. घाईत होती, घडाघडा बोलली. "आता यापुढे तुम्ही खाल ते पूर्वीसारखं अंगाला लागणार नाही. म्हणून या गोळ्या कायम घ्यायच्या, आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला यायचं."

पहिलं वाक्य मोठीच्या कानात गेलं आणि तिथेच बसलं. दुसऱ्याला आत यायला जागाच उरली नाही.

अंगाला लागणार नाही! अहो, जन्मभर तिनं याच्या उलटंच ऐकलं होतं. तिची आई म्हणायची, "हिला वारासुद्धा अंगाला लागतो." धाकटी बहीण ताट चाटूनपुसून खायची, तरी काडीच, तिचं कौतुक व्हायचं, "हिला बाई काही अंगाला लागतच नाही." एका ताटात जेवलेल्या दोघी. एकीला ते वाक्य बक्षीस म्हणून मिळालं, दुसरीनं त्याची पन्नाशीपर्यंत वाट पाहिली. त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत दोघी बहिणी गळ्यात गळे घालून हसल्या, रडल्या. आहार सांगणारी बाई बघतच राहिली आणि पुढच्या खोलीत गेली.

गोळ्या आणल्या. धाकटीनं बाटलीवरचं वाचलं, दुकानदारालाही विचारलं. "शक्तीच्या आहेत म्हणे. खाल्लेलं अंगाला लागावं म्हणून." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं पोट कापून घ्यायचं आणि वर खाल्लेलं अंगाला लागायच्या गोळ्या घ्यायच्या? कशाला हात दाखवून अवलक्षण? काही दिवस मोठीनं धाकापोटी घेतल्या. वजनाचा काटा एकदा जरा अडला, तेव्हा बाटली बटणांच्या खणात गेली ती गेलीच. रक्त तपासायलाही ती गेली नाही. बारीक झालेल्या माणसाचं दवाखान्यात काय काम?

आणि मग ती भराभर उतरत गेली. गल्लीतला किराणावाला ओळखेना. शेजारणी हात धरून गोल फिरवून बघायच्या, "अगं बाई, काय सुरेख दिसतेस!" हे ऐकताना मोठीला उभं राहवत नसायचं, पाय लटपटायचे, तरी ती गोल फिरायची.

थकवा आला तो असा कौतुकाच्या गर्दीतून आला, म्हणून कुणाला दिसला नाही. सकाळी उठल्या उठल्या ती दमलेली असायची. एक बाही लावली की टेबलावर डोकं टेकायची. जीभ लाल होऊन चुरचुरायची, फणीत केसांचा पुंजका यायचा, कात्री हातात धरून ती कात्री शोधत बसायची. पण सांगणार कुणाला? पूर्वी दम लागतो म्हटलं तर लोक म्हणत, जाडीमुळे. आता म्हणत, बारीक झालीस की, आता कसला दम? दोन्हीकडून दार बंद. धाकटी तर चक्क म्हणाली, "मला बघ, मी जन्माची बारीक, मी कधी रडले का?" 

त्यानंतर ती पावलं सुरू झाली.

भर दुपारी घरात कुणी नसताना मोठी स्वयंपाकघराकडे निघाली, तर तिला कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला. अगदी जवळ. ती थांबली, पावलं थांबली. ती चालली, पावलं चालली. ठप, ठप, जड माणूस टाच आपटत चालतं तशी. तिनं वळून बघितलं. कोपऱ्यात डमी उभी होती, तिच्याकडे पाठ करून. सकाळी पाठ होती की तोंड, हे मोठीला आठवेना. डमीला तोंड नसतंच म्हणा, पण जिनं तिला शिवलंय तिला ते दिसतं.

खरी गोष्ट अशी होती की पावलं तिचीच होती. तळपायांची जाणीव हळूहळू गेली होती, त्यामुळे पाऊल पडलेलं तिला ऐकू यायचं, पण कळायचं नाही. आपलंच पाऊल आपल्याला कळलं नाही तर ते दुसऱ्याचं वाटणार, नाही तर काय? पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच समजलं की घरात तिच्यासोबत दुसरी कुणीतरी वावरते, आणि ती दुसरी जड आहे. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, तो तिला त्या दुसरीनं ढकलल्यासारखा वाटायचा. मशिनजवळची जुनी रुंद खुर्ची, जिला नवऱ्यानं खालून लोखंडी पट्टी मारली होती, ती आपोआप करकरायची. मोठीनं डमीवर चादर टाकली. चादरीखाली ती आणखीच जिवंत दिसायला लागली.

एका संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "ती परत आली आहे."

"कोण?"

"मी. आधीची."

नवरा हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. बुटांच्या नाड्या सोडायचं सोडून तो तसाच बसला. "काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"काही नाही. भुकेली आहे. आपणच तिला उपाशी मारलं ना."

"मलाही आठवते गं ती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "झोपेत हात टाकतो, तर हात नुसता गादीवर पडतो. बोललो नाही, म्हटलं तू एवढ्या कष्टानं बारीक झालीस." मोठीला त्याचा राग आला आणि त्याच्या खांद्यावर डोकंही ठेवावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. उठायचं त्राण नव्हतं.

तरी ती काम करत राहिली, कारण बोटं होती. बोटं गेली की मोठी संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून इस्त्रीचा चटका बसल्याचं जळका वास आल्यावर कळलं, तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सुई बोटात जाऊन पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला, तेव्हा तिनं मुकाट्यानं थंड पाण्यात कापड चोळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात ग्रंथपाल बाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक, अंगानं मोठीहून जराशाच कमी. म्हणजे आधीच्या मोठीहून. त्या निवृत्त होणार होत्या, निरोपाचा कार्यक्रम होता, लोकांसमोर उभं राहून चार शब्द बोलायचे होते. निळं कापड आणलं होतं. "आयुष्यभर टेबलामागे बसले," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यांदा सगळे मला पूर्ण बघणार. तुमच्या हातातच आहे सगळं."

मोठीनं त्यांना कवेत घेतलं. टेप मागे नेली, टोकं जुळवली, नळाची चौकशी केली, आणि बोटं गाठींवर फिरवली. काही नाही. गुळगुळीत. जणू कुणी रात्रीतून सगळ्या गाठी सोडवून नेल्या होत्या. तिनं पुन्हा चाचपलं, नखानं खरवडलं, काही नाही.

टेप पुढे ओढून डोळ्यांनी बघितली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण बघणं म्हणजे हात गेले हे कबूल करणं. ते तिच्यानं झालं नाही. तिनं मिठीवरून अंदाज बांधला. बाईंच्या पाठीवर आपले हात कुठवर पोचतात, ते तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. आज हात चांगले ओलांडून गेले. 'बाई वाळल्या की काय,' असं मनात म्हणत तिनं त्या बेतानं कापड कापलं.

अहो, बाई नव्हत्या वाळल्या. मोठीच वाळली होती. तिचं पोट मध्ये येईनासं झालं होतं, दंड बारीक झाले होते, म्हणून हात लांब पोचत होते. एवढा साधा हिशेब, पण थकलेल्या डोक्याला तो सुचला नाही.

ट्रायलच्या दिवशी बाई पडद्यामागे गेल्या. जरा वेळ खसफस ऐकू आली, मग ती थांबली. मग आतून घुसमटलेला आवाज आला, "अहो, अडकलंय."

ड्रेस डोक्यावरून खांद्यापर्यंत येऊन घट्ट बसला होता. दोन्ही हात वर, चेहरा कापडाच्या आत, खाली पांढरी शमीज आणि श्वासानं हलणारं पोट. चेहरा नसलेली मोठी बाई.  आतून आवाज आला, "मी आणखी जाड झाले का हो?" आणि तो आवाज ग्रंथपाल बाईंचा नव्हताच. तो शाळेतल्या त्या पोरीचा होता, पिंप म्हटलेल्या.

"नाही, नाही हो, तुम्ही नाही," मोठी म्हणत राहिली. वर ओढून बघितलं, खाली ओढून बघितलं. बाईंचा श्वास वाढला. तेव्हा तिनं मोठी कात्री घेतली आणि बाईंच्या कातडीला लागू नये म्हणून डावा हात आत घालून, आडवा धरून, निळं कापड बगलेपासून वर कापत नेलं. कापड सुटलं. बाईंचं लालबुंद, रडवेलं तोंड बाहेर आलं. त्यांनी आरशात पाहिलं आणि किंचाळल्या. शमीजवर रक्त होतं, कमरेपर्यंत.

"मला कापलंत?"

मोठीनं घाबरून त्यांच्या अंगावर जखम शोधली. सापडेना. मग बाईंनीच तिचं मनगट धरून वर केलं. डाव्या तळव्यात कात्री शिरून खोल तिरकी चीर गेली होती, रक्त कोपरावरून खाली टपकत होतं. मोठी आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत राहिली.

"दुखत नाही?" बाई कुजबुजल्या.

"नाही," मोठी म्हणाली, आणि मग तिला खरी भीती वाटली.

तळव्याला टाके घालणाऱ्यानं सुई टोचताना तिचा ढिम्म चेहरा पाहिला आणि तिला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे थरथरता लोखंडी चिमटा तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "कंप जाणवतो?"

"वाजतोय," मोठी म्हणाली. "पण कळत नाही."

रक्ताचे आकडे आले, ते बघून डॉक्टर चिडली. बी ट्वेल्व्ह नावाला होतं, लोह तळाला. "गोळ्या घेत होता ना? कायम घ्यायच्या सांगितलं होतं."

"तुमच्याच लोकांनी सांगितलं," मोठी म्हणाली, "की अंगाला लागणार नाही."

"हो. म्हणूनच तर!"

 समजायला डॉक्टरला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा राग उतरला, आणि ती खुर्ची पुढे ओढून बसली. "अहो बाई," ती म्हणाली, "ती चांगली बातमी नव्हती. ती ताकीद होती. चरबीच नाही हो, नसांना लागतं तेही तुमच्या अंगाला लागत नव्हतं."

मागे धाकटी उभी होती. तिनं तोंडावर पदरासारखा हात दाबून धरला होता.

"बोटं परत येतील?" मोठीनं विचारलं.

"थकवा आधी जाईल. चालणं सुधारेल. बोटांचं... उशीर झालाय. बघू या." डॉक्टर खोटं बोलली नाही, एवढे तिचे उपकार.

इंजेक्शनं सुरू झाली. धाकटी न चुकता घेऊन जायची. एकदा रस्त्यातच थांबून म्हणाली, "मी म्हटलं होतं गं तुला, गोळ्या नको म्हणून." "आपण दोघींनी म्हटलं," मोठी म्हणाली. आणि खरंच, दोष द्यायचा कुणाला? त्या एका वाक्यावर दोघी एकाच घरात वाढल्या होत्या.

थकवा ओसरला. पावलं विरळ झाली. गंमत बघा, ज्या पावलांनी तिचा जीव नकोसा केला होता, ती कमी झाल्यावर तिला दुपारी घर रिकामं वाटायला लागलं. बोटं मात्र मुकीच राहिली.

मग ग्रंथपाल बाईंचा फोन आला. निरोपाच्या कार्यक्रमात त्या जुन्याच कपड्यांवर कोट घालून, बटणं लावून उभ्या राहिल्या होत्या. आता भाचीच्या घरी जायचं होतं, नवं कापड घेतलं होतं. "उद्या येते."

"बाई, माझी बोटं वाचत नाहीत," मोठीनं सांगून टाकलं. "दुसरीकडे जा."

 "दुसरीकडे मोठ्यानं बोलतात हो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मोठीनं डमीवरची चादर काढली. बऱ्याच दिवसांनी दोघी समोरासमोर आल्या. चिंध्यांचं ते भलंमोठं अंग, खांद्यावर धूळ, पोटावर टाचणी विसरलेली. मोठीनं टाचणी काढली. मग टेप घेऊन तिनं तिला कवेत घेतलं. हात पुरले. स्वतःला असं पूर्ण कवेत घेणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिनं गाल तिच्या छातीवर टेकला आणि पाठीमागे टोकं जुळवून डोळे मिटले. बोटं शोधत राहिली. काही नाही. उजव्या अंगठ्याखाली कुठेतरी काहीतरी होतं, की होतं असं तिला वाटलं; भिंतीपलीकडे कुणी बोलावं, तसं.

तेव्हा तिनं जुळलेली जागा चिमटीत घट्ट धरली, वळसा घालून ती डमीच्या मागे गेली, वाकली, आणि टेपला ओठ लावले. ओठांना कळत होतं. गाठींचा झुबका, मग एकेक बारीक गाठ. ती ओठांनी वाचत गेली, आपल्याच पाठीचं चुंबन घेतल्यासारखी.

"उपाशी मारलं गं तुला," ती त्या पाठीला म्हणाली. "लोक तुला हसले, आणि मीही त्यांच्यातच गेले."

धाकटी दारात येऊन उभी होती, इंजेक्शनला न्यायला. "कुणाचं माप घेतेस?"

"माझं."

 "किती भरलं?" धाकटीनं विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली, कारण त्या खोलीत ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

मोठीनं आकडा सांगितला. मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल इतका. कुणी हसलं नाही. मग तिनं सुयांनी दुखरा झालेला दंड चोळला. "आता तरी लागू दे बाई अंगाला," ती म्हणाली. धाकटी पिशवी घेऊन ताटकळत उभी होती, तिला तिनं हातानं थांब म्हटलं, डमीच्या पुढे आली, पुन्हा तिला कवेत घेतलं, आणि पहिल्या गाठीपासून बोटांनी शोधायला लागली.